मामाच्या ट्रकचा हिटर

बाहेरच्या मालाला देशाची दारं उघडली आणि जिकडंतिकडं नवंनवं दिसायला लागलं, त्याच वर्षांत माझ्या मामानं लष्कराच्या लिलावातला जुना ट्रक घेतला. त्याला हिटर होता. बीड जिल्ह्यात हिटर! जिथं आठ महिने माणूस उन्हानं कावलेला असतो. पण मामा लिंबागणेशला आपल्या किराणा दुकानात बसून आल्यागेल्याला सांगायचा, "हिटर हाय म्हणलं, हिटर." ऐकणारा आपली साखर घेऊन निघून जायचा.

मग एका पौषात हिटरची खरंच गरज पडली. मामीला न्यूमोनिया झाला होता. अंबाजोगाईच्या दवाखान्यात तिनं एकवीस दिवस काढले आणि डॉक्टरांनी सांगितलं, उद्या सकाळी घरी न्या, पण गार वारं लागू देऊ नका, लागलं तर पुन्हा इथंच यावं लागेल. एसटीच्या खिडक्या बंद होत नव्हत्या आणि गावातल्या जीपला दारंच नव्हती. मामा म्हणाला, "आपल्याकडं हिटर हाय." घरी येऊन बटण दाबलं तर आतला पंखा फिरेना. पंखा नाही तर गरम हवा आत ढकलणार कोण?

मी तेव्हा बीडला गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचो. मामाचा निरोप आला तशी दुपारची एसटी धरली.

आधी फ्यूज काढला. त्याला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली.

"हे कुणी केलं?"

"मीच. सारखा उडत हुता."

"उडतो तो कशासाठी उडतो, मामा?"

"मला काय ठाव? वायरमन तू हायस."

माझं डोकंच सणकलं. अहो, फ्यूज जळतो म्हणून तर वायर वाचते! ह्यानं फ्यूजला जळूच दिलं नव्हतं, म्हणजे आत दुसरं काहीतरी जळालं असणार. नवा फ्यूज घातला, बटण दाबलं, फट्. मग पंख्याची मोटर सोडवून थेट बॅटरीला लावली, तर झकास फिरली. मोटर चांगली, म्हणजे भानगड मधल्या वायरीत. उताणा होऊन डॅशबोर्डखाली शिरलो. वायरीचं आवरण वितळून तार पत्र्याला चिकटली होती, जोडावर हिरवा कीट चढला होता आणि सगळ्याला आंबलेल्या दुधाचा वास.

ट्रकमध्ये दूध? डोकं बाहेर काढून वर बघितलं. बरोबर वर, डॅशबोर्डवर, मामीनं बसवलेली महादेवाची पिंड. मामी रोज सकाळी तिच्यावर पळीभर पाणी घालायची आणि लगेच फडक्यानं टिपून घ्यायची. ती दवाखान्यात गेल्यापासून हे काम मामाकडं आलं होतं. तो तांब्याभर घालायचा. सोमवारी वरून दूध. टिपायचं असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"मामा, वायरीत पाणी मुरलंय. तुमचंच."

"देवाचं पाणी हाय रं ते. त्यानं कसं बिघडंल?"

"देवाचं असलं तरी पाणीच हाय."

मामा खाली दगडावर बसला. "ती बरी व्हावी म्हणून घालत हुतो रं," म्हणाला, "आन् तिच्याच हिटरचं वाटोळं केलं मी." मला लई वाईट वाटलं. त्याच्यावर एवढं खेकसायला नको होतं.

नवी वायर ओढली, जोड पिंडीपासून हातभर लांब नेला, टेप गुंडाळली. दिवस मावळायच्या आत पंखा घरघरायला लागला.

"उद्या पाणी घालायचं का न्हाई?" मामानं विचारलं.

"घाला. खाली ताट ठेवा."

सकाळी दवाखान्यातून निघताना मामीला आम्ही दोघांच्या मधे बसवलं. स्वेटर, वर शाल, कानाला मफलर. मामानं हिटर पुरा सोडला. केज येईपर्यंत माझा शर्ट पाठीला चिकटला आणि मामाच्या हनुवटीवरून घाम गळायला लागला.

"अवो, बंद करा आता ते," मामी म्हणाली. "लई उकडतंय. तुमी तर पार भिजलाव."

मामानं रस्त्यावरची नजर हलवली नाही. "राहू दे. एकवीस दिवस घरात चूल पेटली न्हाई. गरम काय असतंय तेच इसरलो हुतो मी."

मामीनं मफलर सोडला आणि त्यानंच मामाची हनुवटी टिपली.