एकोणीस एकांची संख्या

देवराव गेल्याचा निरोप मेहकरहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरने आणला. दुसरबीडच्या शाळेत मी सहावीला भागाकारच शिकवत होतो. खडू ठेवला आणि उलटी गाडी धरली. पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

महाराष्ट्र राज्य झालं त्या साली आम्ही दोघे मेहकरच्या एका शाळेत मास्तर म्हणून लागलो. पहिल्याच आठवड्यात त्याने फळ्यावर ओळीने सात एक लिहिले आणि २३९ ने भाग घालवून दाखवला. मग एकोणीस एक लिहिले. "हे फुटत नाही बे," म्हणाला, "मले वाटते, ही मूळ संख्या आहे." त्या आकड्याने त्याला पछाडलंच. भाजक असलाच तर तो अडतीसच्या पटीहून एकाने मोठा असणार, हे त्याचं त्यानेच शोधलं होतं. तरीही १९१, २२९ असं करत करत शंभर कोटींच्या पुढे जायचं होतं. हे एका जन्मात हाताने होणारं काम नव्हे, हे त्यालाही कळत होतं. मी त्याची थट्टा करायचो, तो हसायचा आणि पुढचा भागाकार मांडायचा.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने एक लाख ते सव्वा लाखामधले भाजक माझ्याकडे दिले. त्यातल्या मूळ संख्या तेवढ्या घेतल्या तरी शंभरावर भागाकार होते. वीस मी इमानदारीने केले, मग कंटाळलो. उरलेल्यांच्या बाक्या मनानेच ठोकून दिल्या... एवढ्या मोठ्या आकड्यांच्या बाक्या कोण बघत बसतो!

शेवटच्या भेटीत तो खाटेवर होता. पोट सुजलेलं, बोटांत पेन धरवत नव्हता. भागाकारांची वही त्याने माझ्यापुढे सरकवली. "शंभर कोटी काही आपल्याच्यानं होत नाही. पण सव्वा लाखापर्यंत कोणी बोट ठेवू नये, एवढंच पाह्यजे. तुझं पक्कं आहे ना बे?"

मी मान डोलावून हाव म्हणालो. वर त्याने सांगितलं तसं माझ्याच हाताने लिहिलं, 'सव्वा लाखापर्यंत एकही भाजक नाही.' त्याला केवढं समाधान वाटलं! तो चेहरा आता मला सोसवत नाही.

तेराव्याला वहिनींनी वही माझ्या हातात दिली. "सोताचं सगळं दोनदा तपासलं त्यायनं. तुमच्या पानायले हात नाही लावला. म्हणे, दोस्ताचं काय तपासाचं!"

तेव्हापासून शाळा सुटली की मी तेच भागाकार करत बसलो. एखाद्याने भाग गेला तर... या भीतीने प्रत्येक भागाकार दोनदा करायचो. परवा शेवटचा झाला. एकानेही भाग गेला नाही. त्याचं वाक्य खरं निघालं. मी मनाने लिहिलेली बाकी मात्र एकही जुळली नाही. आनंद वगैरे काही झाला नाही. त्याने ती पानं एकदा तरी तपासायला हवी होती, चार लोकांत मला शिव्या घालायला हव्या होत्या. आता त्या कोणाकडे मागू?

काल वही परत द्यायला गेलो. खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. वहिनींनी वही पदराने पुसली आणि विचारलं, "बरोबर होतं ना भाऊजी सगळं?"

मी याही वेळी हाव म्हणालो.