ओवीला फेड-आऊट नसतो

बारामतीच्या कार्यक्रमाचे आयोजक पहिल्याच फोनवर म्हणाले, "मॅडम, चार मिनिटं. आणि शेवटी छान फेड-आऊट करा, म्हणजे आमच्या निवेदिकेला हळूच आत येता येईल." मी बरं म्हणून फोन ठेवला आणि मग माझं डोकं फिरलं. ज्यांचं गाणं हळूच विझवायचं होतं ते माझे वडील होते.

आबा धनगरी ओव्या म्हणतात. लहानपणी ते मेंढरांमागं हिंडले, पुढं वालचंदनगरला फिटर झाले, आता निमगाव केतकीच्या आमच्या रानात ऊस आणि डाळिंब बघतात. कामं बदलली, ओवी सुटली नाही. गावातलीच सहा-सात माणसं, दोन ढोल आणि कैताळाची, म्हणजे मोठ्या झांजांची, एक जोडी, एवढं त्यांचं मंडळ. आबा कानावर हात ठेवून ओळ टाकतात, मागचे ती उचलतात. एकदा सुंबरान मांडलं, म्हणजे देवाची आठवण काढून ओवी सुरू केली, की ती शेवटाला न्यायची, सगळ्यांनी मिळून 'चांगभलं' म्हणायचं आणि मगच ढोल खाली ठेवायचा. मध्येच ढोल ठेवणं अपशकुनी असतं का, हे आमच्याकडं कुणाला सांगता येणार नाही, कारण तसं कुणी केलेलंच नाही.

मंडळात बायका नसतात. मला ओळ न् ओळ पाठ होती, पण ऐकायचं ते भिंतीला टेकून. मी पेटी शिकले, मग कीबोर्ड, मग कॉम्प्युटरवर संगीत करणं. इंदापुरात एक खोली घेऊन शाळांच्या गॅदरिंगसाठी गाणी करून देते. आयोजकांचं म्हणणं, नुसत्या ढोलावर आजकालचं पब्लिक बसत नाही, मागं जरा व्हायोलिन, बासरी, बेस असं भरीव काहीतरी हवं. म्हणून मी. मी लॅपटॉप घेऊन तालमीला गेले तेव्हा ढोल वाजवणारे एक तात्या म्हणाले, "पोरीचं काय काम हितं?"

"मशीन तिचं हाय," आबा म्हणाले. "तिच्याबिगर ते चालत न्हाय."

लॅपटॉपबरोबर लय धरून राहायची म्हणून त्याच तात्यांच्या कानात मी इअरफोन घातला. आतली टिकटिक ऐकून ते म्हणाले, "ही काय घाई लावलीया मला?" पण दोन दिवसांत त्यांनी ती टिकटिक अशी पकडली, की पुढं इअरफोन काढून घ्यायला गेले तर देईनात. आबांच्या ओळीमागून माझी बासरी पहिल्यांदा नीट बसली तेव्हा मला भरून आलं. आठवडाभर खपून केलेलं होतं ते.

मग आला तो फेड. रेकॉर्ड केलेल्या आवाजाला फेड देणं सोपं असतं, स्क्रीनवरच्या त्याच्या पट्टीचा कोपरा धरून आत ओढला की झालं. मिडी ट्रॅकचं, म्हणजे कॉम्प्युटरच वाजवतो त्या माझ्या बासरी-व्हायोलिनचं, तसं नाही. त्यात आवाज नसतोच, नुसते हुकूम असतात. हा सूर, या क्षणी, एवढ्या जोरानं वाजव. हुकमाला कोपरा कुठून असणार? त्यासाठी ट्रॅकच्या खाली व्हॉल्यूमची वेगळी ओळ उघडायची आणि माउसनं वरून खाली रेघ काढायची. ती सरळसोट काढली तर आवाज बराच वेळ तसाच वाटतो आणि शेवटी भसकन नाहीसा होतो, म्हणून तिला बाक द्यावा लागतो. पहिल्या खेपेला घाईत मी व्हॉल्यूमला हात न लावता सुरांचा जोरच कमी करत नेला. तालमीत ते ऐकून आबा म्हणाले, "ह्यो वाजवणारा दमलाय व्हय गं?"

बरोबर होतं त्यांचं. जोर कमी केला की वाजवणारा हळू वाजवतो. व्हॉल्यूम कमी केला की तो तेवढ्याच ताकदीनं वाजवत राहतो, आपणच त्याच्यापासून लांब जातो. मी हे आबांना समजावून सांगितलं आणि मग आयोजकांची अटही सांगितली.

"म्हंजी चांगभलं कवा म्हणायचं?"

"म्हणायचं न्हाय आबा. त्याच्या आधीच आवाज बारीक होत जाणार."

"मग आमी गात ऱ्हाणार, आन् लोकांना ऐकू येणार न्हाय?"

त्यांनी आधीच अर्ध्या रात्रीची ओवी कापून कापून सहा मिनिटांवर आणली होती, त्याहून कापायला काही उरलंच नव्हतं. मी आयोजकांना फोन लावला, दोन मिनिटं वाढवून मागितली. ते हसले. "मॅडम, ओवी काय, कुठंही तोडता येते. फील आला की बास." असा राग आला म्हणता. याच माणसाला स्वतःचं प्रास्ताविक कुठंही तोडून चाललं असतं का? पण मी गोड आवाजात म्हटलं, "ठीक आहे सर. फेड मी माझ्या लॅपटॉपवरूनच करते. तुमच्या साउंडवाल्यांना मिक्सरला हात लावू देऊ नका, नाहीतर दोन फेड एकावर एक बसतील." ते खूश झाले. मीही झाले.

मग मी बसून सगळ्या मिडी ट्रॅकना चोख फेड दिला. व्हायोलिन, बासरी, बेस, प्रत्येकाची रेघ चौथ्या मिनिटाला शून्यावर. आबांचा गळा आणि तात्यांचा ढोल माझ्या ट्रॅकवर नव्हतेच, त्यांना मी काय करणार? सांगितल्या कामाला मी चुकले नाही. मंडळाला एवढंच म्हटलं, "मागचं संगीत गेलं तरी थांबू नका."

"आमी कशाला थांबतोय?" तात्या म्हणाले.

बारामतीचं सभागृह भरलेलं होतं. मी स्टेजच्या कडेला लॅपटॉप घेऊन बसले. ठरल्या वेळी व्हायोलिन पातळ झालं, मागोमाग बासरी गेली, शेवटी बेस. निवेदिका हसऱ्या चेहऱ्यानं दोन पावलं आत आली आणि थबकली, कारण आबांनी नवी ओळ टाकली होती आणि मागच्यांनी ती उचललीही होती. आयोजक माझ्याकडं धावत आले. "मॅडम, फेड!"

"केला की." मी स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. "सगळ्या रेघा शून्यावर आहेत, बघा."

"अहो, ते गातायत त्याचं काय?"

"तो माझा ट्रॅक नाही, सर."

त्यांनी साउंडवाल्याला हातानं खूण केली. त्यानं माइक बंद केले. सभागृह एकदम रिकामं झाल्यासारखं वाटलं. मग आवाज आला, लहान पण सबंध. ओढ्यापलीकडच्या मेंढराला हाक घालणाऱ्याचा गळा तो, त्याला कधी माइक लागला होता? ढोलाला तर कधीच नाही. लोक बोलायचे थांबले. आबांनी घाई केली नाही, एक ओळही गाळली नाही. शेवटाला आल्यावर त्यांनी हात वर केला, मंडळानं चांगभलं म्हटलं, आणि मागच्या रांगांतून, कुठल्या कुठल्या गावच्या माणसांनी, चांगभलं म्हणून त्याला साथ दिली. मग तात्यांनी ढोल खाली ठेवला.

आयोजक आम्हाला पुन्हा बोलावणार नाहीत हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. न बोलावोत.

परतताना जीपमध्ये सगळे खुशीत होते. मी खिडकीशी, लॅपटॉप मांडीवर घेऊन. आबांच्या ओवीसाठी मी भांडले होते, जिंकलेही होते, पण त्यासाठी जे विझवलं ते माझंच होतं, आणि ते गेल्याचं जीपमध्ये कुणाच्या ध्यानातही नव्हतं. तेवढ्यात आबा पुढच्या सीटवरून मागं वळून म्हणाले, "आज लई ब्येस झालं. पुढल्या बारीला ते तुजं मशीन पहिल्यापासनंच गप ठिवू."

"न्हाय ठेवणार," मी म्हटलं.

जीपमधले सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"पुढल्या बारीला मी फेड देणार न्हाय, आबा. तुमाला न्हाय आन् मलाबी न्हाय. माजी बासरी चांगभलं होईस्तोवर वाजणार. तुमी ढोल ठेवला की मगच मी थांबणार."

आबांनी तात्यांकडं पाहिलं. तात्या बाहेर बघत होते.

"मग उद्यापास्नं तालमीला ये," आबा म्हणाले. "आन् भिंतीला टेकून बसू नगं."