दोन मिनिटांत बंद पडणारं मशीन

प्रकाशा गावचा इंद्रसिंग गिरासे नेमकं काय करतो हे तिथे कोणाला धड सांगता येत नाही. त्याची माय फुलवंताबाई मात्र विचारणाऱ्याला आपल्या मुलाबद्दल अहिराणीत ठासून सांगते, "मन्हा आंडोर घर बशीन कॉम्प्युटर भरस." आणि हे पुष्कळसं खरं आहे.

पुण्यातली एक कंपनी लोकांना क्लाउडवर मशीनं भाड्याने देते. गिऱ्हाइकाने बटण दाबलं की मुंबईतल्या कुठल्याशा थंडगार खोलीत लिनक्स भरलेलं तयार मशीन मिनिटभरात उभं राहतं. ते एका साच्यावरून उठतं. त्या साच्याला इमेज म्हणतात, आणि दर महिन्याला ताजी इमेज बनवून द्यायची हे इंद्रसिंगचं काम. आधी तीन वर्षं त्याने ते पुण्यात केलं, चौघांच्या खोलीत राहून, पाळीपाळीने गाद्या घालून. कोरोनात घरी आला तो परत गेलाच नाही. मॅनेजर मॅडमना ते कधीच पटलं नव्हतं.

"मला गाव-शहर असं काही नाहीये, ओके?" मॅडम म्हणायच्या. "मला फक्त आउटपुट हवाय, ओके?" समोरचा ओके म्हणायच्या आत पुढचं वाक्य निघालेलं असायचं.

या मार्चमध्ये आउटपुट अडलं. इमेज घरच्या मशीनवर तासन्‌तास चाले. क्लाउडवर चढवली की दोन मिनिटांत बंद. धडपडून पडणं नाही, कण्हणं नाही. एकेक काम आवरत, शिस्तीत, दिवे मालवून झोपावं तशी बंद. चार दिवसांत सहा वेळा हेच झालं. इंद्रसिंगने डिस्कची नावं तपासली, ड्रायव्हर बदलले, क्लाउडवाल्यांना दोन पत्रं लिहिली. त्यांचं उत्तर आलं की बंद करण्याचा हुकूम मशीनच्या आतूनच येतोय. आतून कोण देतंय, ते पाहायला आत शिरावं तर गावच्या नेटवरून शिरेपर्यंत दोन मिनिटं संपलेली.

शुक्रवारी सकाळी मॅडमचा फोन आला. इंद्रसिंगचे दोन्ही हात कीबोर्डवर, म्हणून स्पीकर चालू.

"आज चारपर्यंत नाही झालं तर सोमवारपासून तू इथे टीमसोबत बस, ओके? इथे लाइटचा, नेटचा प्रश्नच नाही, ओके?"

फुलवंताबाईने दारातून सगळं ऐकलं. थोड्या वेळाने मिरच्या भाजल्याचा ठसका घरभर पसरला.

"माय, काय करी ऱ्हायनी?"

"मसाला. तठे पुनाले तुले कोन देई?"

"अजून जानं ठरनं नही!"

"तुन्हं ठरनं नही. त्या बाईनं ठरेल शे."

इंद्रसिंग तोंड वाकडं करून सातव्यांदा इमेज घरी चालवून पाहू लागला. घरच्या चाचणीत ती नेहमीसारखीच ठणठणीत होती. पलीकडच्या खोलीत मिक्सर घरघरायला लागला, आणि अर्ध्या मिनिटात पडद्यावर ओळ उमटली: लाइट गेली, दोन मिनिटांत बंद.

ही ओळ त्याच्या रोजच्या ओळखीची होती. त्यानेच लिहिलेली.

"माय, लाइट गई का?"

"काय गई? मिक्सर चाली ऱ्हायना ना! कान फुटनात का तुन्हा?"

मग त्याने नीट पाहिलं. ओळ एक नव्हती, दोन होत्या. एक त्याच्या स्वतःच्या मशीनवर, आणि दुसरी, अक्षर न्‌ अक्षर तीच, चाचणीला लावलेल्या इमेजच्या खिडकीत.

भानगड अशी. घरची लाइट दिवसातून तीनदा जाते. इन्व्हर्टर मशीनला थोडा वेळ तगवतो, पण लाइट गेली हे मशीनला सांगणार कोण? म्हणून इंद्रसिंगने एक जुना वायफायचा डबा इन्व्हर्टरवर न लावता थेट लाइनवर लावला होता. मशीन दर दहा सेकंदांनी त्या डब्याला हाक मारी. डब्याने ओ दिली नाही, तर लाइट गेली असं समजून दोन मिनिटांत सगळं आवरून झोपी जाई. मिक्सर इन्व्हर्टरवर चालत नाही. त्यालाही थेट लाइनच लागते. फुलवंताबाईने डब्याचा प्लग उपटून मिक्सरचा खोचला होता.

आणि या महिन्यात नेट फारच रडत होतं म्हणून इंद्रसिंगने नव्याने काही उतरवून न घेता स्वतःच्या मशीनचीच नक्कल काढून इमेज बनवली होती. खाजगी ते सगळं पुसलं. हाक मारणारा पहारेकरी प्रोग्राम तेवढा पुसायचा राहिला.

"माय! त्या डब्बाना प्लग परत लाय!"

"थांब जरासा. धना बाकी शे."

धने बाकी होते, तेवढ्यात त्याचं मशीन झोपलंसुद्धा. ते उठवून, पहारेकरी काढून, इमेज चढवायला अडीच वाजले. क्लाउडवर दोन मिनिटं झाली, पाच झाली, अर्धा तास झाला. मशीन जागं. इंद्रसिंगने कळवलं: सेटिंगमधली चूक होती, काढली.

लगेच फोन. "कुठलं सेटिंग?"

एक टायमर चुकून राहिला होता, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. गावात लाइट राहत नाही हे मॅडमना आपल्या तोंडाने सांगणं म्हणजे पुण्याचं तिकीट स्वतःच काढणं. पण युक्ती स्वतःची होती, आणि दोन वर्षांत ती कोणी विचारलीच नव्हती. त्याने डबा, थेट लाइन, हाक, सगळं रंगवून सांगितलं. मिक्सरसकट.

मॅडमनी एकेक गोष्ट पडताळून घेतली.

"म्हणजे मुंबईतलं मशीन तुझ्या घरी लाइट आहे का ते विचारत होतं?"

"हो मॅडम."

"आणि उत्तर नाही आलं म्हणून बंद होत होतं?"

"हो मॅडम. शिस्तीत."

मॅडम हसल्या की खोकल्या ते कळलं नाही. मग म्हणाल्या, "डोकं बरंय तुझं. पण तुझ्या घरचं मशीन माझ्या गिऱ्हाइकाकडे नको. यापुढे इमेज इथल्या सर्व्हरवर बनवायची. तू तिथूनच लॉगिन करून बनव. पुण्याला यायची गरज नाही."

फोन ठेवल्यावर फुलवंताबाईने विचारलं, "काय म्हने बाई?"

"आठेच ऱ्हासु. काम तठलाच मशीनवर व्हई."

"मंग हाऊ येवढा मोठा डब्बा कसाले?"

घरचं ते मोठं मशीन इंद्रसिंगने सुट्टे भाग जमवत आठ महिन्यांत स्वतः जोडलं होतं. सोमवारी त्याने त्याच्यावर जुनी चादर टाकली, आणि खाटेवर लॅपटॉप घेऊन कामाला बसला.