गणूचा कोरडा उपास

"तोंड उघड, गणू. पानी पिऊ नको, नुसतं तोंड उघड."

"कशाला, काका?"

"जीभ बघतंय."

गणूनं तोंड उघडलं. जीभ चुना फासल्यासारखी, पांढरी नि कोरडी. काशिरामनं हातातला जग खाली ठेवला आणि टॉवेल मानेवरून फिरवला. सकाळपासून सगळ्यांना पाणी प्या सांगून सांगून त्याचा जबडा दुखायला आला होता.

काशिराम ओवे गावचा. उभा जन्म गोणी उचलण्यात गेला, तोही पळस्प्याच्या याच गोदामात. गेल्या उन्हाळ्यात कुंदन नावाचा हमाल कंटेनरात कोसळला. जगला, पण अजून त्याच्या हातातली पेज सांडते. त्यानंतर इथं उन्हाचे नियम आले. वल्लरी नावाच्या सुरक्षेच्या मॅडमनी मालकाच्या मागे लागून पत्र्याखाली मोठे पंखे बसवले, मीठ-साखरेच्या पाण्याचे माठ ठेवले. ऊन चढलं की लाल झेंडा वर जातो. मग थोडं काम, थोडी सावली, परत काम. पाणी न प्यायलेला माणूस कंटेनरात जायचा नाही. हे बघायला काशिरामला नेमलं. टोळी त्याला पानीवाली बाय म्हणते. म्हातारा फुकटचा फिरतो, असंही म्हणते. त्याला विचाराल तर गोण्या बऱ्या, त्या उलटून बोलत नाहीत.

आजची भानगड वेगळी होती. संध्याकाळी ओव्याला, टोळीच्या पाड्यावर देवीची पालखी. पुढचा दांडा ज्याच्या खांद्यावर, त्यानं उजाडल्यापासून पालखी टेकेपर्यंत अन्न घ्यायचं नाही, पाणीही नाही. बाप गेल्यावर यंदा पहिल्यांदा हा मान गणूकडे आला होता. पूर्वी हे निभायचं. जत्रेच्या दिवशी अख्खा पाडा आंब्याखाली आडवा पडलेला असायचा. आता शेतं गेली, आंबे गेले, उपास तेवढा राहिला. गणूनं सुटी मागितली नाही, कारण टोळीतला एक गेला की त्याचा बोजा बाकीच्यांच्या पाठीवर पडतो, आणि आज सगळ्यांनाच लवकर सुटायचं होतं.

सगळे पाणी पितायत ना, असं वल्लरीनं सकाळी विचारलं तेव्हा काशिराम हो म्हणून मोकळा झाला होता. देवीच्या कामात बाहेरचं माणूस कशाला, एवढाच त्याचा हिशेब.

आता झेंडा वर होता. कंटेनरात तापल्या तव्यासारखी धग. गणू गोणी घेऊन निघाला तो दाराकडे यायचं सोडून आतल्या पत्र्याच्या भिंतीकडेच चालू लागला.

"आतापासनंच पालखी नाचवतंस काय रं?" टोळीतला भावेश हसला. मग त्यानं गणूचे डोळे बघितले आणि हसू तिथंच राहिलं.

काशिरामनं गोणी ढकलून पाडली, दंड धरून गणूला पंख्याखाली आणलं, शर्ट काढला आणि साध्या पाण्याचा माठ त्याच्या डोक्यावर रिता केला. गणूनं ओठ घट्ट मिटले. आंघोळीनं उपास मोडत नाही, हे त्याला सांगावं लागलं. भावेशनं हाक मारली तशी वल्लरी धावत आली. तिनं ओली फडकी गणूच्या मानेला, काखेत लावली, दवाखान्याची गाडी बोलावली. तिथं सलाईन लावतील, म्हणाली. त्यावर सलाईननं उपास मोडतो का, अशी टोळीत कुजबूज सुरू झाली. कुणालाच ठाऊक नव्हतं.

थोड्या वेळानं गणूची नजर ठिकाणावर आली. काशिराम त्याच्यासमोर उकिडवा बसला. गुडघे कुरकुरले.

"पी."

"दांडा जाईल, काका. बापाचा हाय."

"जाऊ दे. आज चुलतभाऊ धरंल. देवीपुढं नारल मी ठेवीन, चूक माझी बोलीन. खांदा ऱ्हायला तर दांडा पुढच्या साली मिलंल. त्या कुंदनला बघून ये एकदा, मंग बोल."

गणूनं पाण्याचा जग दोन्ही हातांत घेतला. मग प्यायला, घोट घोट, मान खाली घालून. गाडी आली, गणूला घेऊन गेली.

सकाळी आपण खोटं बोललो, हे काशिरामनं वल्लरीला सांगितलं. ती चिडली, पण आवाज चढवला नाही. पुढच्या वर्षी जत्रेची तिथी आधी सांगा, दांडा धरणाऱ्याला भरपगारी सुटी मागून घेते, म्हणाली. मिळेलच असं नाही, हेही म्हणाली. काशिरामनं मान हलवली. गावकीपुढं उभं राहून शिव्या तर आज संध्याकाळी खायच्याच होत्या.

झेंडा अजून वर होता. टोळी एकानं कमी झाली होती आणि कंटेनर अर्धासुद्धा रिकामा झाला नव्हता. काशिरामनं जग भरून घेतला, कमरेवर हात ठेवून क्षणभर थांबला आणि दाराशी गेला.

"भावेश, तोंड उघड."

"मना कुठं उपास हाय?"

"तरी उघड."