अर्धापूर ते उदगीर : चार कॅन पाणी आणि मऊ पडलेला ब्रेक

"येऊ नका," असं उदगीरच्या मावशीने फोनवर तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा मामा उठून उभे राहिले. "बापू, गाडी काढ. उद्याच जाऊ." त्या उन्हाळ्यात लातूर जिल्ह्यात पाण्याची अशी दैना होती, की आल्यागेल्याच्या हातात तांब्या देता येत नाही म्हणून मावशीने माणसंच बंद केली होती. सख्ख्या भावालासुद्धा. मामांचा हिशेब सरळ होता. तिची अडचण पाण्याची ना, मग पाणी घेऊनच जायचं.

मामा अर्धापूरचे, केळीवाले. त्यांची निम्मी बाग त्या साली वाळून गेली होती, पण बोअरला थोडं पाणी होतं. चार मोठे कॅन आणि केळीचा एक घड मागे टाकून आम्ही सकाळी सहाला निघालो. तुम्हीही एप्रिल-मेमध्ये या बाजूला जाणार असाल तर सहाच्या पुढे थांबू नका, दहानंतर रस्ता भाजतो.

नांदेड ओलांडून लोह्याला नाष्टा केला. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचं आमचं तिखट दैवत. वर शेंगदाणे, कोथिंबीर, शेजारी मिरची. वीस रुपयांत पोट भरतं. पुढे रस्ता डोंगरातल्या चढउतारांना लागतो. दोन्ही बाजूंना करडी माळरानं, मधूनच एखादा टँकर आणि त्यामागे घागरींची रांग. मामा प्रत्येक टँकरला हात जोडत होते. मी त्यांना चिडवलं, "मामा, देव बदलला काय?"

अहमदपूरच्या अलीकडे एका लांब उतारावर ब्रेक दाबला आणि पाय जवळजवळ तळाला गेला. लोण्यात पाय घातल्यासारखं मऊ. पुन्हा दाबला, पुन्हा दाबला, तेव्हा कुठे गाडी जराशी धरली. मी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक हळूहळू ओढत राहिलो. मागे कॅनमधलं पाणी डुचमळत होतं.

गावाच्या तोंडाशी पत्र्याचं एक गॅरेज दिसलं. शिवाप्पा नावाचे पन्नाशीचे मिस्त्री दुसऱ्या गाडीखाली होते. ते बाहेर येईपर्यंत अर्धा तास गेला, आणि तेवढ्यात आमचा ब्रेक दगडासारखा कडक झाला! डॉक्टरसमोर गेलं की दुखणं पळतं, तसं. मी ओशाळून म्हणालो, "झालं बहुतेक ठीक. निघतो आम्ही."

"थांबा की साहेब. आपोआप गेलेलं आपोआप येतंय परत," शिवाप्पा म्हणाले.

त्यांनी पाय पेडलवर दाबून धरला आणि मनातल्या मनात बराच वेळ मोजलं. पेडल खाली सरकलं नाही. "तेलाला दाब देणारा मास्टर सिलिंडर चांगला हाय." मग चारही चाकांच्या आतून हात फिरवला, कोरडा निघाला. "गळती बी न्हाई. गरम झाल्यावर मऊ, थंड झाल्यावर कडक. तेलातच काहीतरी हाय."

स्टोव्हवर त्यांचा चहा उकळत होता. तो उतरवून त्यांनी दोन जुन्या पळ्या घेतल्या. एकीत बाटलीतलं नवं ब्रेक ऑइल थेंबभर, दुसरीत आमच्या गाडीतलं, आणि दोन्ही आचेवर धरल्या. नवं गुमान बसलं. आमचं तडतडायला लागलं, फोडणीसारखं.

"पाणी हाय हेच्यात. गरम झालं की वाफ व्हतीय, अन् वाफ ब्रेक दाबत नसती. कुणी घातलं?"

मी ताडकन म्हणालो, "पाणी कोण घालेल? सर्व्हिसिंगवाल्यांनीच काहीतरी..."

"मी घातलं," मामा म्हणाले.

मागच्या महिन्यात मी अर्धापूरला गेलो, तेव्हा बोनेट उघडं टाकून चहाला आत गेलो होतो. मामांनी बघितलं, ब्रेक ऑइलच्या पांढऱ्या डबीतली पातळी खाली गेलीय. "समदंच तहानलेलं ह्या साली. म्हटलं, गाडीला बी घालावं. प्यायचं, गाळलेलं घातलं होतं रे बापू." "मी बसनं जातो. तू पाणी तेवढं पोचव तिला."

शिवाप्पांनी मात्र मामांच्या हाताला धरून त्यांना थेट ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. "बस कशाला? मला पेडल दाबायला माणूस पायजे. मी म्हणतो तसं करा."

मग तासभर दोघांची जुगलबंदी. चाकापाशी आडवे पडून शिवाप्पा ओरडायचे, "दाबा... धरा... सोडा!" आणि मामा, आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात न लावलेले, जीव ओतून दाबायचे. जुनं तेल गढूळ होऊन निघालं, मग स्वच्छ धार आली. तेल, पुढच्या झिजलेल्या ब्रेक पॅडच्या जागी नवे पॅड, मजुरी धरून दोन हजारांच्या आत काम झालं. मी एक कॅन देऊ केला. शिवाप्पांनी फक्त एक तांब्या भरून घेतला. "बहिणीचं हाय ते. आमच्यासाठी कमी करू नका."

पुढे शिरूर ताजबंदवरून उदगीर. वाटेत जिथे चहाला थांबलो तिथे उदगीर वेगळा जिल्हा होणार याचीच चर्चा. "जिल्हा झाला म्हणजे नळाला पाणी येतंय व्हय?" मामांनी विचारलं, आणि सगळे हसले.

मावशी दारातच रागावली. मग कॅन दिसले, आणि ती खालीच बसली. रडली, हसली. तिने हातपाय धुवायला पाणी दिलं, अगदी ताठ मानेने. संध्याकाळी किल्ल्याकडे फिरून आलो, रात्री भाकरी, ठेचा आणि केळी.

दुसऱ्या दिवशी मामांना अर्धापूरला सोडून मी नांदेडला घरी आलो. ब्रेक ठणठणीत होता. मनातून जात नव्हतं ते शिवाप्पांचं एक वाक्य. निघताना मला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले होते, "पॅड झिजले की तेलाची पातळी खाली जाती साहेब. मामांनी चूक केली, पण बघितलं तरी. तुम्ही मालक असून किती दिवस बघितलं न्हाई?"

शिवाप्पा हे मामांसमोर बोलले नाहीत, म्हणून मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. आणि मामांचाही. ते गप्प बसले असते तर मी शेवटपर्यंत सर्व्हिसिंगवाल्यांनाच शिव्या देत राहिलो असतो. खरं बोलायची धमक त्यांच्यात होती. माझ्यात ती नव्हती. घरी पोचल्यावर बूटही न काढता फोन केला आणि म्हणालो, "मामा, चूक माझी होती."