टोपी घालून बोलायची अरबी

कय्युम आणि मी वाळूजच्या एकाच कारखान्यात उभा जन्म काढला. तो स्टोअरला, मी पेंट शॉपला. शिफ्टच्या बसमध्ये आमची जागा शेजारशेजारची आणि भांडणंही तिथलीच. कय्युमइतका तोंडाळ माणूस मी या शहरात दुसरा पाहिला नाही. कंडक्टरशी मराठीत भांडेल, रिक्षावाल्याला दखनीत झोडपेल आणि साहेब समोर आला की हिंदीत असा गोड होईल की आपल्यालाच लाज वाटावी. असा हा गडी एका पाच वर्षांच्या पोरीसमोर मुका झाला, हे मला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण ते सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पोरगी म्हणजे त्याची नात, लमीस. कय्युमची मुलगी उजमा इथंच फार्मसी शिकली. तिच्या वर्गात यमनहून शिकायला आलेला एक मुलगा होता. पुढं रीतसर लग्न झालं आणि दोघं ओमानला जाऊन राहिली. नवराबायको दिवसभर नोकरीवर, त्यामुळं लमीसला वाढवलं तिच्या यमनी दादीनं. साहजिकच पोरीच्या तोंडात अरबीशिवाय काही नाही.

व्हिडिओ कॉल लागला की पोरगी भडाभडा बोलायची. कय्युम डोक्यावर टोपी ठेवून, मान खाली घालून ऐकायचा आणि तिचं झालं की गंभीरपणे म्हणायचा, "आमीन."

"अब्बा," उजमा पलीकडून ओरडायची, "वो बोल रई मेरी चप्पल गुम गई!"

आता यात त्याचा दोष तरी काय म्हणावा? लहानपणी मौलवींपुढं बसून त्यानं अख्खं कुराण वाचून काढलेलं. अक्षर न् अक्षर ओळखतो, सूर असा लावतो की ऐकणाऱ्यानं जागच्या जागी थांबावं. पण अर्थ विचारला की, "वो मौलाना को मालूम." त्याच्या लेखी अरबी म्हणजे अल्लाचं बोलणं. त्या लिपीचा कागद तो पायाखाली येऊ देत नाही, कचऱ्यात टाकत नाही. उजमानं पाठवलेल्या खजुराचा रिकामा डबा त्यानं कपाटावर उंच जागी ठेवलेला, कारण त्यावर अरबी छापलेली. एकदा उजमानंच वाचून सांगितलं की त्यावर 'थंड आणि कोरड्या जागी ठेवा' एवढंच लिहिलंय. कय्युम जरा गडबडला, मग म्हणाला, "तो मैं भी वैसीच जगा रख्खा ना!"

पावसाळ्यात उजमा लमीसला घेऊन महिनाभर माहेरी येणार असं ठरलं आणि कय्युमनं जाहीर केलं की मी बोलायची अरबी शिकणार. नातीशी तिच्या भाषेत चार शब्द बोलल्याशिवाय तिला परत जाऊ देणार नाही. त्याची बायको अनिसाभाभी भाकरी थापता थापता म्हणाली, "आदी जिंदगी मेरे सात बोले नै सीदे मूं, अब अरबी बोलते!"

शहागंजात एका मोबाइलच्या दुकानावर जिब्रान सरांचा क्लास होता. हे सर पूर्वी रियाधला गाडी चालवायचे. क्लासला येणारी मंडळी सगळी आखाताच्या वाटेवरची, ड्रायव्हर, एसीवाले, गवंडी. त्यामुळं पुस्तकही त्याच बेताचं. माझा पासपोर्ट द्या. मुदीर कुठं आहे? मुदीर म्हणजे मॅनेजर. हे माझं काम नाही. टमाटे कसे दिले?

पहिल्या दिवशी एकट्याला लाज वाटते म्हणून कय्युमनं मला बरोबर ओढलं. मी मागच्या बाकावर बसलो. गडी वुजू करून, म्हणजे हातपाय-तोंड धुऊन, अत्तर लावून, टोपी घालून आलेला. चपला दाराबाहेर काढल्या. पिशवीतून लाकडी रेहल काढली, म्हणजे कुराण ज्यावर ठेवून वाचतात ती घडीची घोडी, ती बाकावर उघडली आणि तिच्यावर सरांचं ते झेरॉक्स पुस्तक अलगद ठेवलं. सर बघतच राहिले.

"वाचा, कय्युम चाचा. टमाट्याचं वाक्य."

कय्युमनं डोळे मिटले, एक हात कानाशी नेला आणि सूर लावला. काय सांगू, असा आवाज! टमाटे कसे दिले हे वाक्य चढलं, हेलकावलं, नाकातून घुमलं आणि हळूहळू खाली उतरलं. पुढच्या बाकावरच्या दोघा एसीवाल्यांनी खिशातले रुमाल काढून डोक्यावर घेतले. खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक जिन्यात येऊन उभं राहिलं.

"सर," एक जण हळूच म्हणाला, "ह्ये टमाट्याचंच हाय ना?"

हा रामहरी. कन्नड तालुक्यातला, मेंढपाळाच्या घरातला. स्वतःची जीप चालवायचा आणि व्हिसाची वाट बघायचा. अरबी तो मेंढरं हाकावीत तशी बोलायचा. दहातले सात शब्द चुकीचे, पण धडाधड. आठवड्याभरात तो सरांशीच चहा कुणी मागवायचा यावरून अरबीत वाद घालायला लागला. कय्युमला सगळे शब्द पाठ, एक चूक नाही, पण प्रत्येक वाक्याला तोच सूर, तीच अदब.

"चाचा," रामहरी एकदा जिन्यात म्हणाला, "तुमी बोलत नाय, तुमी म्हनताव. जरा भांडा की माज्यासंगं. मी तुमची चप्पल पळवली समजा. द्या शिव्या."

कय्युमनं दोन्ही कानांना हात लावले. "तौबा! अरे, जिस जुबान में मैं माँ के वास्ते दुआ मांगा, उसमें तेरे कू गाली देऊ?"

रामहरी जीपची किल्ली फिरवत जिना उतरून गेला. थट्टा करायची सवय असलेल्या माणसाला अशी थट्टा गिळावी लागली की राग येतो. मला आला.

लमीस आली तेव्हा चिकलठाण्याच्या विमानतळावर आम्ही सगळे हजर. ती म्हणजे कुरळ्या केसांची, हातात एक चपटी बाहुली उलटी धरलेली अशी मूर्ती. कय्युम पुढं झाला. महिनाभर घोकलेलं वाक्य त्यानं सुरू केलं, की ये माझ्या डोळ्यांच्या उजेडा, प्रवासात दमलीस का? अर्थातच सुरात.

पोरगी जागच्या जागी थांबली. बाहुली आईकडं दिली. हात बांधले, मान खाली घातली. वाक्य संपल्यावर तिनं अदबीनं म्हटलं, "सदकल्लाहुल अज़ीम," आणि आईच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली. कुराणाचं पठण पुरं झालं की म्हणतात ते हे शब्द.

उजमाला हसू आवरेना. मग तिनंच उलगडा केला. तिकडं दादीनं शिकवलंय, असा आवाज कानावर आला की हलायचं नाही, बोलायचं नाही, मुकाट उभं राहायचं.

पुढं घरात रोज हेच. कय्युम विचारायचा, केळं खाणार का? पोरगी हात बांधून उभी. कय्युम विचारायचा, बाहुलीचं नाव काय? पोरगी पाय जुळवून उभी. तो दुसऱ्या खोलीत गेला की तिचा जीव भांड्यात पडायचा. आणि अनिसाभाभी? ती सरळ दखनीत, "आगे, इदर आ, कायकू रोती?" म्हणायची आणि पोरगी पळत तिच्या मांडीवर. दोघी दिवसभर दोन भाषांत गप्पा मारायच्या, आणि दोघींचं कुठंच अडत नव्हतं.

"वैसाच तुम बी बोलो ना उसके सात," भाभी म्हणायची. पण कय्युमला तसं नको होतं. नातीनं तिच्या भाषेत आपल्याला काहीतरी विचारावं आणि आपण उत्तर द्यावं, एवढंच त्याला हवं होतं. सूर वगळून बोलून पाहिलं तर दोन शब्दांवर पुन्हा सूरच बाहेर यायचा. जायचे दिवस जवळ आले तसा तो बोलायचाच बंद झाला. एका संध्याकाळी ओट्यावर मला म्हणाला, "पुंडलिक, बच्ची मेरे कू मौलवी समझती. नाना नै समझती." गेल्या कित्येक वर्षांत मी त्याला इतक्या हळू आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि मी आपला पावसाबद्दल काहीतरी बोललो.

शेवटच्या रविवारी रामहरीच्या जीपमध्ये बसून आम्ही सगळे दौलताबादला गेलो. किल्ल्याच्या पायथ्याशी मक्याची कणसं भाजत होती. कय्युमनं एक कणीस निवडून, लिंबू-मीठ चोळून, काही न बोलता लमीसच्या हातात दिलं. तिनं पहिला दाणा तोंडात टाकला न टाकला तोच भिंतीवरून एक दांडगा वानर उतरला, कणीस हिसकावलं आणि परत भिंतीवर जाऊन शांतपणे दाणे सोलायला लागला. पोरीनं भोकाड पसरलं.

मग मी आमचा बसमधला कय्युम पाहिला. तो छत्री उगारून भिंतीकडं धावला आणि वानरावर ओरडला. अरबीत! पोरगी रडत होती अरबीत, म्हणून की काय, त्याच्या तोंडून तेच आलं. पण वानराला काय बोलावं हे पुस्तकात कुठं होतं? जे पाठ होतं ते त्यानं सगळं फेकून मारलं.

"मुदीर कुठंय? बोलाव मुदीरला! माझा पासपोर्ट दे! आत्ता दे! हे माझं काम नाही! टमाटे कसे दिले?"

ना सूर, ना हेलकावा. नुसता कडकडाट. जिब्रान सरांच्या पुण्याईनं मला तेवढे शब्द ओळखता येत होते. रामहरी हसून हसून जीपच्या बॉनेटवर आडवा झाला. कणसंवाली पंखा हलवायची थांबली. वानरानं मात्र एकेक दाणा खाल्ला, नुसता दांडा खाली फेकला आणि निघून गेला.

कय्युम धापा टाकत वळला. लमीसचं रडणं थांबलेलं. ती त्याच्याकडं टक लावून बघत होती, आणि एकाएकी खदखदून हसली. धावत येऊन तिनं त्याची छत्री धरली आणि विचारलं. उजमानं मला नंतर सांगितलं, ती विचारत होती, "नाना, तुला बोलता येतं?"

कय्युमचे डोळे भरून आले. "श्वय्या," तो म्हणाला. थोडं थोडं.

"मग वानराकडं पासपोर्ट कुठला?"

यावर त्यानं काय उत्तर दिलं ते मला कळलं नाही, पण तिला पटलं नसावं, कारण ती कमरेवर हात ठेवून त्याच्याशी भांडायला लागली. तोही भांडला. शब्द सापडला नाही की हातवारे करायचा, ती तो शब्द सांगायची आणि पुन्हा भांडायची. परतीच्या वाटेवर जीपमध्ये ती त्याच्या मांडीवर बसून अखंड बोलत होती, आणि कय्युमला त्यातला चौथा हिस्सा तरी समजत होता की नाही, देव जाणे. न राहवून उजमा मागं वळली. "अब्बा, वो क्या बोल रई मालूम? वो बोल रई..."

"तू चुप बैठ, उजमा," कय्युम म्हणाला. "हमारी बात चल रई."