ज्याला सूट हवी त्यानं जिना चढावा

तमाम जनतेस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आपली लोकशाही कोल्हापुरात एका सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहत होती आणि तिथं जायला लिफ्ट नव्हती. जिना होता. दगडी, उंच पायऱ्यांचा, आणि वळणावरचे दोन्ही कोपरे पान खाणाऱ्यांनी मनापासून रंगवलेले. हा जिना मी बरीच वर्षं रोज चढलो, कारण वर निवडणूक शाखा होती आणि मी तिथं कारकून होतो.

शाखेचे प्रमुख नायब तहसीलदार. आमच्या खात्यात त्यांना रावसाहेब म्हणायची पद्धत. माणूस लाच खाणारा नव्हता हे आधीच सांगतो. खाणारा असता तर निदान कुठंतरी वाकला असता. हे वाकणारे नव्हते.

नव्वद सालानंतरच्या कुठल्याशा निवडणुकीत एका मास्तरानं मणका सरकल्याचा दाखला आणून ड्युटीतून सूट घेतली. पुढं महिनाभरात तो मास्तर एका वरातीत बँडसमोर नाचताना रावसाहेबांना दिसला. बरं, वरात रावसाहेबांच्याच मेहुण्याची. म्हणजे तोंड उघडायची सोय नाही. माणूस जेवलादेखील नाही म्हणतात.

तेव्हापासून शाखेत नवा कायदा आला. सूट मागणाऱ्या आजाऱ्यानं स्वतः वर येऊन साहेबांसमोर उभं राहायचं. दाखला चालणार नाही, नवरा-भाऊ चालणार नाही. आता यातली करामत बघा. जो आला नाही तो गैरहजर, म्हणून अर्ज नामंजूर. जो आला तो दोन मजले चढून आला, म्हणजे धडधाकट, म्हणून अर्ज नामंजूर. हा कायदा कुठल्याही पुस्तकात नव्हता. पण आमचे अव्वल कारकून सगळ्यावर एकच अभिप्राय द्यायचे, "रावसाहेब म्हणतील तसं," आणि तेवढ्यावर राज्य चाललं.

एकदा पायाला प्लास्टर घातलेल्या मास्तराला त्याच्या शाळेतल्या चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीतनं वर आणला. चौघे घामानं निथळत होते. रावसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "आलासा की वर. मग केंद्रावर जायला काय झालंय?"

"साहेब, ह्या चौघांनी उचलून आणलंय."

"चौघं धडधाकट दिसत्यात. भाऊसाहेब, ह्या चौघांचीबी ड्युटी ह्यांच्याच केंद्रावर लावा. नेतील उचलून."

"रावसाहेब म्हणतील तसं," अव्वल कारकून म्हणाले.

शाखा पोट धरून हसली. मीही हसलो असेन, कारण टायमिंग अफलातून होतं. पण चौघांपैकी दोघांची खरंच लागली, आणि प्लास्टरवाला तर केंद्रावर गेलाच.

पुढं आदेश संगणकावर निघायला लागले आणि रावसाहेबांना देवच भेटला. "माणसानं काढलेला आदेश माणूस बदलील," ते म्हणायचे, "पण हे यंत्रानं काढलंय." त्या यंत्रानं एका निवडणुकीत एका शिक्षिकाबाईंना राधानगरीच्या वरच्या अंगाला, गाडी थांबते तिथून पुढं चालत जायचं केंद्र दिलं. बाईंचे दिवस भरत आलेले. आदल्या दिवशी साहित्य घेऊन निघायचं, शाळेच्या खोलीत मुक्काम करायचा, दवाखाना डोंगराखाली.

बाई अर्ज घेऊन आल्या त्या सासूबरोबर. सासू कबनूरची, जन्म यंत्रमागावर गेलेला; बाईंचा नवरा इचलकरंजीत मागावर, त्याची पाळी सुटली नव्हती. बाई पहिल्या वळणावरच कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मी वर पळालो.

"रावसाहेब, बाईंना चढवत नाही. आपण खाली या की, दोन मिनिटं."

"आज जिन्यात बोलावताय, उद्या घरला न्याल."

मी माझी खुर्ची वळणावर नेऊन दिली. बाई बसल्या, उठल्या, पुढच्या वळणावर पुन्हा बसल्या. सासू मागून पाठीला हात लावून. रांगेतल्या लोकांनी आपापली दुखणी विसरून वाट करून दिली. मला तेव्हा जो संताप आला तो आजही जसाच्या तसा आहे. दाखल्यावर सरकारी दवाखान्याचा शिक्का होता, आणि शिक्क्यापेक्षा मोठा पुरावा तर समोर दिसत होता! अशा बाईला लांब पाठवू नये, असं वरून आलेलं पत्रकही होतं. पण मेहुण्याच्या वरातीत कुणीतरी नाचलं होतं ना!

रावसाहेबांनी मान वर केली नाही. "तारीख काय दिलीय?"

"मतदानाच्या आसपास," बाई धापा टाकत म्हणाल्या.

"आसपास म्हणजे? अलीकडं का पलीकडं?"

"ते कसं सांगणार, साहेब?"

"अलीकडं झालासा तर रजेवर असणार, म्हणजे सूट लागत न्हाय. पलीकडं होणार असला तर त्या दिवशी मोकळ्याच हाय, म्हणजे सूट बसत न्हाय. नामंजूर."

आणि अव्वल कारकुनांकडे बघून हसले. एखाद्यानं सोंगटी घरात नेऊन ठेवावी तसे.

"रावसाहेब म्हणतील..." अव्वल कारकुनांचं वाक्य पहिल्यांदाच अर्धवट राहिलं.

"मावशी, जरा थांबा," मी सासूबाईंना म्हणालो, कारण त्या टेबलाकडं निघाल्या होत्या. थांबतात कसल्या! "सर रं, भाऊ," म्हणत त्यांनी मला बाजूला केलं, पदर खोचला आणि दोन्ही तळवे रावसाहेबांच्या टेबलावरच्या काचेवर ठेवले. मागावरच्या खडखडाटात बोलायची सवय असलेला आवाज. त्या जे बोलल्या ते खालच्या चहाच्या गाड्यावर ऐकू गेलं. आधी रांग हसली, मग जिना हसला, मग आमची शाखा, आणि शेवटी अव्वल कारकून, तेही साहेबांच्या तोंडावर. रावसाहेबांना दया आली असं म्हणायची माझी तयारी नाही. हसणं थांबेना, म्हणून त्यांनी पेन उचललं आणि यंत्रानं दिलेली ड्युटी आपल्या हातानं रद्द केली. दिवस भरलेल्या एका बाईची सुटका झाली ती पत्रकानं नाही, दाखल्यानं नाही, तर या एका वाक्यानं:

"अवं सायेब, तिथंच बाळंत झाली तर पोराच्या बोटाला शाई लावून त्याचंबी मतदान घेणार हाईसा व्हय वो?"